खाऱ्या पाण्यातली दहा जित्राबं

मासे कुसुमताईंना आवडत. तळलेले, रविवारी, ज्वारीच्या भाकरीबरोबर. ते दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवायचे आणि त्यांच्यासाठी पिशवीतलं महागडं मीठ पाण्यात कालवत बसायचं, हा प्रकार मात्र त्यांच्या पचनी कधी पडला नाही.

बरकतपुऱ्यातल्या त्या घरात ही पेटी आणली त्यांच्या मुलानं, रितेशनं. साहेबाच्या घरी पाहिली आणि वेड लागलं. अडीचशे लिटर पाणी, निळा दिवा, समुद्रातले दगड. सहा महिन्यांत सतरा मासे मेले आणि रितेशचं वेड ओसरलं. मग ते काम त्याच्या बायकोकडे, रेणूकडे आलं. घरातलं कुणालाही नको असलेलं काम शेवटी रेणूकडेच येई.

रेणू पुण्याची. रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेली, लग्नाआधी औषधांच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिनं पहिले दोन महिने पेटीत काहीच सोडलं नाही. नुसतं पाणी तपासायची. छोट्या नळीत चार थेंब टाकायची, रंग बघायची, वहीत लिहायची.

"सूनबाई रिकाम्या गोठ्याला वैरण घालतीय," अप्पाराव म्हणायचे आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायचे.

अप्पाराव म्हणजे कुसुमताईंचे यजमान. काचीगुड्याला बी-बियाण्यांचं दुकान, वय चौऱ्याहत्तर. मूळ गाव भालकीकडचं. लहानपणी दिवेलागणीला गोठ्यात जाऊन जित्राबं मोजायची हे त्यांचं काम होतं, आणि एक जरी कमी भरलं तरी जेवायला मिळत नसे. रेणूनं अखेर पेटीत जीव सोडले, तेव्हा ते जुनं काम त्यांना परत मिळालं. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की ते काचेला नाक लावून मोजत. दोन नारंगी क्लाऊन मासे. एक निळा डॅमसेल. लाल पट्ट्यांची दोन कोळंबी, जी माशांच्या अंगावरची घाण खात. चार गोगलगायी. आणि एक समुद्रफूल, जे फुलासारखं दिसे पण फूल नव्हतं. त्याला तोंड होतं, आणि ते खायचं. एकूण दहा.

"भरली," म्हणायचे आणि मगच जेवायला बसायचे.

फेब्रुवारीत रेणूला पत्र आलं. शहराबाहेर, शमीरपेठेच्या पुढे, औषधांची एक नवी प्रयोगशाळा उभी राहत होती. तिथं तिची निवड झाली होती. इमारत पूर्ण व्हायची होती, म्हणून जूनमध्ये रुजू व्हायचं. तिनं ते पत्र जेवताना दाखवलं, तेही सगळ्यांचं वरण-भात झाल्यावर, ताक वाढताना.

"हौ, जा की," अप्पाराव म्हणाले. "कोण नक्को म्हणतंय? पण आधी जीव सांभाळता येतो का ते दाखव. सहा वर्षं झाली, घरात मूल नाही. मासे तरी सांभाळून दाखव."

रितेशनं ताकाची वाटी तोंडाला लावली.

"शंभर दिवस," अप्पारावांना आता मजा यायला लागली होती. "पेटीत दहा मुंडकी आहेत. शंभर दिवस दहाची दहा भरली, तर मी स्वतः तुला शमीरपेठेला सोडून येतो. एक जरी कमी भरलं, तर नोकरीचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. बोल."

"एक जरी? म्हातारपणानं मेलं तरी?" रेणूनं विचारलं.

"मरण ते मरण."

"डील, बाबा!" रितेश हसून म्हणाला. जणू बायकोचं नाही, क्रिकेटच्या मॅचचं चाललंय.

कुसुमताईंना वाटलं, आता ही रडेल, भांडेल, माहेरी फोन लावेल. रेणूनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "ठीक आहे." भांडणारी बाई त्यांना हाताळता आली असती.

आणि दोन दिवसांनी, वाळलेले कपडे घेऊन जिन्यावरून उतरताना, त्यांनी रितेशला फोनवर मित्राशी बोलताना ऐकलं. "रोज पस्तीस किलोमीटर कोण करणार यार? तिला जॉब लागला तर आम्ही तिकडेच टू-बीएचके बघतो. आई-बाबा आहेत इकडे, येऊन-जाऊन राहू."

येऊन-जाऊन. कुसुमताई त्या पायरीवर कपड्यांचा ढीग घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. मुलाला त्यांनी चाळीस वर्षांच्या संसारातली एकच मिळकत मानलं होतं. तो येऊन-जाऊन राहणार. का? तर एका बाईला नळ्यांमध्ये थेंब टाकायचे आहेत.

त्या दिवसापासून पेटीत काय जगतं यावर घरात कोण राहतं हे ठरणार, एवढं त्यांना पक्कं कळलं.

रेणूनं पैज जिंकायची तयारी केली ती एखाद्या परीक्षेसारखी. दर रविवारी पंचवीस लिटर पाणी बदलायचं. त्यासाठी शनिवारी दुपारी मागच्या गच्चीतल्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात फिल्टरचं पाणी भरायचं, त्यात मीठ घालायचं, छोटा पंप सोडायचा, झाकण लावायचं. ते पाणी रविवारी सकाळपर्यंत फिरत राहायचं. आणि तिनं एक यादी लिहून पेटीशेजारच्या भिंतीवर चिकटवली: पेटीजवळ काय काय न्यायचं नाही.

यादी तिनं मराठीत लिहिली. मुद्दाम, कुसुमताईंसाठी. घरात मराठी वाचणाऱ्या त्या दोघीच. अप्पाराव चार भाषा बोलत, पण लिहिणं-वाचणं कन्नड आणि तेलुगूतलं. रितेश इंग्रजी शाळेतला, वर तेलुगू. देवनागरी अक्षरं त्याला दुकानांच्या पाट्यांपुरती जुळवता यायची. कुसुमताई मात्र उदगीरच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या, पोथी घडाघडा वाचणाऱ्या. "आई, तुम्हाला इंग्रजीत लिहिलेलं काय उपयोगाचं?" रेणू म्हणाली होती. कुसुमताईंना ते बरं वाटलं होतं. तेवढ्यापुरतं.

साबणाचे हात नकोत. उदबत्तीचा धूर नको. डासांचा फवारा नको. फिनाईल नको. नळाचं पाणी नको. हाताला लावायचं मलम नको. आणि सातवी ओळ: तांब्याचं भांडं किंवा तांब्यातलं पाणी कधीही नको, कणभरही नाही, मासे तगतील, पण कोळंबी, गोगलगायी आणि समुद्रफूल वाचणार नाहीत.

"हे तांब्याचं काय गं?" एका दुपारी लसूण सोलताना कुसुमताईंनी विचारलं. "आम्ही तर तांब्यातलंच पाणी पितो. डॉक्टर सांगतात."

रेणू हातातलं काम टाकून त्यांच्याजवळ येऊन बसली. लग्नानंतरच्या सहा वर्षांत सासूनं तिला तिच्या विषयातलं काही विचारलं, ही पहिलीच वेळ. ती भरभरून बोलली. कोळंबीच्या रक्तातच तांबं असतं, म्हणून ते निळसर असतं. आपल्या रक्तात लोखंड असतं तसं. पण पाण्यातून वरचं तांबं अंगात गेलं की ते बाहेर टाकता येत नाही. खाऱ्या पाण्यात तांबं पटकन उतरतं, नुसतं भांडं ठेवलं तरी. डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही. "आधी त्यांचा तोल जातो, आई. पाय थरथरतात. मग उलटे पडतात."

"बिचारे," कुसुमताई म्हणाल्या आणि लसणाची पाकळी नखानं सोलली. "किती वेळ लागतो मरायला?"

"एखादा दिवस."

"अगं बाई."

एप्रिलमध्ये ऊन पेटलं. एकदा चार तास वीज गेली. रेणू बॅटरीवरचा पंप लावून, बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडून, हातात थर्मामीटर घेऊन पेटीसमोर बसून राहिली. कुसुमताईंनी त्या चार तासांत देवापुढच्या दिव्यात तूप घातलं आणि वीज येऊ नये म्हणून हात जोडले. वीज आली. अप्पारावांनी मोजलं.

"भरली! सूनबाई, तू तर आमच्या बापाचा गडी शोभली असतीस."

मे महिना उलटत आला. ब्याण्णव दिवस झाले, त्र्याण्णव झाले. रेणूनं दोन सुती साड्यांना फॉल लावून आणला. रितेश जेवताना फोनवर भाड्याच्या घरांचे फोटो बघायला लागला. एकदा आईला एक स्वयंपाकघर दाखवून म्हणाला, "आई, बघ ना, चिमणीपण आहे." कुसुमताईंनी बघितलं. छान होतं.

चौऱ्याण्णवाव्या दिवशी, शनिवारी, रेणूनं नेहमीसारखं पाणी कालवलं, झाकण लावलं, आणि भाजी आणायला गेली. अप्पाराव दुकानात, रितेश आतल्या खोलीत कानाला गाण्याचं यंत्र लावून बसलेला. कुसुमताईंनी देवघरातून तांब्याचं ताम्हन, पंचपात्र, पळी आणि मोठा गडू काढला. देव पाटावर उघडे बसले. भांडी त्यांनी चिंचेनं लख्ख घासली. भांडं स्वच्छ असलं की लवकर उतरेल, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या बाईला तेवढं कळतं. पदरात घेऊन त्या मागच्या गच्चीत गेल्या, पिंपाचं झाकण उचललं आणि एकेक भांडं अलगद तळाशी सोडलं. पळी पंपावर आपटून वाजायला लागली. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून ती बाजूला सारली. हातावरच्या ओरखड्याला मीठ झोंबलं. झाकण लावलं.

भीती वाटली का? थोडी. पण झाकण नीट बसलंय ना, हे त्यांनी दोनदा दाबून पाहिलं.

रविवारी पहाटे त्या नेहमीसारख्या पूजेला उठल्या, भांडी काढली, धुतली, पुसली, देवघरात मांडली. दहा वाजता रेणूनं पिंपातलं पाणी मोजलं. खारटपणा बरोबर होता, तापमान बरोबर होतं. ते पाणी तिनं स्वतःच्या हातानं, बारीक नळीनं, थेंबही न सांडता पेटीत सोडलं. कुसुमताई समोरच्या खुर्चीत बसून भेंडी चिरत होत्या.

"किती जपून करतेस गं," त्या म्हणाल्या.

"सहाच दिवस राहिले, आई." ती हसली.

चार वाजता पहिली गोगलगाय काचेवरून सुटून खाली पडली. रेणूनं ती उचलून सरळ ठेवली. ती पुन्हा कलंडली. मग कोळंबीच्या मिशा थरथरायला लागल्या. समुद्रफुलानं तोंड वासलं आणि त्याचे हात आक्रसून बोळ्यासारखे झाले. रेणूनं पटापट नळ्या काढल्या, थेंब टाकले. सगळे रंग ठीक. तिच्या कपाळावर घाम आला.

"काय झालं गं?" कुसुमताईंनी विचारलं.

"कळत नाही. पाण्यात काहीतरी आहे. कोळंबी तरी वाचवते."

पिंपात पाच-सहा लिटर पाणी उरलं होतं. ताजं, तिच्या हिशेबानं सगळ्यात स्वच्छ. रेणूनं ते बादलीत ओतलं आणि दोन्ही कोळंबी वाटीनं अलगद उचलून त्यात सोडल्या. कुसुमताई बघत होत्या. एक शब्द बोलायला हवा होता. तो त्यांच्या जिभेवर होता, आणि त्यांनी तो गिळला. बादलीत कोळंब्यांनी दोन गिरक्या मारल्या, शेपूट झटकून भिंतीवर आपटल्या आणि उलट्या झाल्या. त्यांचे पाय हलत राहिले, मग एकेक करून थांबले. पेटीत दिवसभर तगल्या असत्या, त्या बादलीत पाऊण तासात संपल्या. रेणूच्या हातानं.

रेणू बादलीजवळ उकिडवी बसून राहिली. मग उठली, मागच्या गच्चीत गेली आणि रिकामं पिंप आडवं करून आत डोकं घातलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मोजमाप घेताना असायचा तसा झाला होता. तिनं पिंप ओढत दिवाणखान्यात आणलं. तळाशी एक हिरवट गोल होता. ताम्हनाच्या तळाएवढा.

संध्याकाळी अप्पारावांनी दिवा लागल्यावर मोजलं. "दोन. तीन." थांबले. काच पुसली. "गोगलगायी?"

"मेल्या," रेणू म्हणाली. "कोळंबीही. समुद्रफूल सकाळपर्यंत विरघळेल. पण या मेल्या नाहीत, बाबा, मारल्या. पिंपात कुणीतरी तांब्याची भांडी ठेवली होती. हा डाग बघा."

"कुणीतरी म्हणजे कोण?" रितेश बाहेर आला होता.

"ज्यांना माहीत होतं तांब्यानं मरतात, त्या."

रितेशनं आईकडे पाहिलं. कुसुमताईंनी पदर डोक्यावर सारखा केला. "मला काय कळतंय बाळा त्यातलं? मी बापडी भेंडी चिरत होते."

"यादीत लिहिलंय," रेणूचा आवाज चढला नाही. "सातवी ओळ. त्यांच्यासाठीच मराठीत लिहिलीय. वाच."

रितेशनं कागद भिंतीवरून ओरबाडून काढला. ओठ हलले. "सा... बणा... चे." पुढची अक्षरं त्याला जुळेनात. छापील असतं तर जुळवलं असतं. मनात असतं तर हेही जुळवलं असतं. त्यानं कागद आईच्या हातात दिला. "आई, तूच वाच. जे आहे ते वाच."

कुसुमताईंनी चष्मा लावला. घसा साफ केला. पोथी वाचतात तसं, एकेका ओळीखाली बोट ठेवून, सावकाश वाचलं. "साबणाचे हात नकोत. उदबत्तीचा धूर नको. डासांचा फवारा नको. फिनाईल नको. नळाचं पाणी नको. हाताला लावायचं मलम नको." बोट एक ओळ खाली सरकलं, तिथं थांबलं नाही, कागदाच्या कडेवरून उतरलं. चष्मा काढला. "झालं. एवढंच आहे."

रेणू त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या नळीत अपेक्षेपेक्षा भलताच रंग उमटावा तसं काहीतरी होतं.

"रितेश," ती म्हणाली, "कागदाचा फोटो काढ. फोन वाचून दाखवतो. एक मिनिट लागेल."

"म्हणजे मी आता आईची तपासणी फोननं करू?"

"हो."

"रेणू, प्लीज यार. काय बोलतेयस तू?"

"एक मिनिट, रितेश. मग मी पुन्हा काहीच मागणार नाही."

त्याच्या खिशात फोन होता. कुसुमताईंनी त्याचा हात खिशाकडे जाताना पाहिला, आणि हातातला कागद चौघडी करून मुठीत धरला. त्याचा हात खिशात गेला, आणि तिथंच राहिला.

"मरण ते मरण, असं ठरलं होतं ना?" तो म्हणाला.

"हौ," अप्पाराव म्हणाले. "मुंडकी मोजायची ठरली होती. कुणी मारली, कशानं मेली, हे पैजेत नव्हतं. गोठ्यात वाघ शिरला तरी मार गुराख्यालाच बसायचा." ते खुर्चीत बसले. "प्रयोगशाळेतल्या ज्या बाईचा फोन नंबर आहे तुझ्याकडे, तिला येत नाही म्हणून आत्ता कळव. उद्यावर नक्को. आणि ते मोठ्यानं ऐकू येतं तसं लाव, आम्हालाही कळू दे."

"आज रविवार आहे."

"मग घरीच असेल."

रेणूनं फोन लावला आणि टीपॉयवर ठेवला. पलीकडे मेधा नावाच्या बाई होत्या, प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्याही पुण्याच्याच. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"हं, रेणू! बोल गं. तुझं टेबल खिडकीजवळ लावायला सांगितलंय मी."

"मॅडम, मला रुजू होता येणार नाही."

"का? काय झालं? घरी कुणी आजारी आहे का?"

कुसुमताईंनी हातानं खूण केली. छातीवर बोट ठेवलं, मान हलवली: सांग, सासूबाईंची तब्येत. तेवढा आसरा त्या द्यायला तयार होत्या.

"नाही," रेणू म्हणाली. "घरी सगळे ठणठणीत आहेत. मला परवानगी मिळाली नाही."

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी.

"परवानगी," मेधा मॅडम म्हणाल्या. "तू तेहतीस वर्षांची आहेस ना, रेणू?"

"हो, मॅडम."

"बरं. मग पुढच्या नावाला कळवते. पुन्हा अर्ज करू नकोस. मी तीन महिने जागा धरून ठेवली होती." फोन बंद झाला.

कुसुमताईंचे कान तापले. कोळंबीसाठी नाही, खोट्यासाठीही नाही. पुण्याच्या कुठल्या एका बाईनं, स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून, त्यांच्या घराबद्दल काहीतरी ठरवून टाकलं होतं, यासाठी.

"बाहेरच्या माणसाला घरातलं सांगायची काय गरज होती?" त्या म्हणाल्या. "तब्येतीचं सांगितलं असतंस तर अब्रू राहिली असती."

"कुणाची?" रेणूनं विचारलं.

रितेश पेटीजवळ गेला, काचेवर टिचकी मारली. तिन्ही मासे त्या आवाजासरशी दगडामागे पळाले. "हे तिघं तरी राहतील ना?" त्यानं विचारलं. "बुधवारी साहेब येणारेत घरी."

"राहतील," रेणू म्हणाली. "मासे तगतात." आणि पदर खोचून ती भाकऱ्या थापायला आत गेली.

ताटं लागली. अप्पाराव आज न मोजताच जेवायला बसले. रितेशनं फोन बाजूला ठेवला होता. भाड्याच्या घरांचे फोटो त्यानं पुन्हा काढले नाहीत, ना त्या दिवशी, ना पुढे कधी. रेणू एकेक भाकरी शेकून ताटात टाकत होती. भाकऱ्या टम्म फुगत होत्या, एकही करपली नाही. कुसुमताईंनी दोन खाल्ल्या. भेंडी छान झाली होती. त्यांनी ताट पुढे सरकवलं.

"अजून एक टाक गं," त्या म्हणाल्या. "आज भूक लागलीय."